वासाचे डॅफोडिल: कोणते लावावेत आणि गुच्छासाठी कसे तोडावेत?

ओलीमाती

डॅफोडिल म्हटलं की मोठ्या तुतारीचा पिवळाधमक प्रकारच डोळ्यांसमोर येतो. दिसतो झकास, पण नाक आत घातलं तर ओल्या गवताचा वास, बस्स. मला एक वाफा फक्त वासाच्या डॅफोडिलसाठी राखायचा आहे. वाफा ३ मीटर लांब, १ मीटर रुंद. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत ऊन. हिवाळ्यात जमिनीचा वरचा थर काही आठवडे गोठतो. वसंतात सलग पाच-सहा आठवडे घरात गुच्छ राहील एवढी फुलं हवीत.

विचारायचंय ते असं: वास नेमका कुठल्या जातींना असतो? सगळी फुलं तोडली तर पुढच्या वर्षी कंद रुसतो का? आणि डॅफोडिल दुसऱ्या फुलांसोबत ठेवले की ती बाकीची फुलं दुसऱ्या दिवशी माना टाकतात, त्यावर काही उपाय?

झारीतला_शुक्राचार्य

रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येतीलच.

खुरपं

आधी गट, मग जात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या वर्गीकरणात डॅफोडिलचे १३ गट आहेत आणि कॅटलॉगमध्ये जातीच्या नावापुढे तो आकडा बहुधा छापलेला असतो. वास हवा असेल तर तीन आकडे पाठ करा: ७, ८ आणि ९.

७ म्हणजे जॉन्क्विला. पात्या बारीक, गोलसर, गडद हिरव्या. एका दांड्यावर एक ते पाच लहान फुलं. वास गोड आणि लांब जाणारा, जाई आणि संत्र्याचा मोहोर यांच्या मधला. स्वीटनेस, ट्रेव्हिथियन, क्वेल, बेल साँग, पिपिट या भरवशाच्या जाती. ८ म्हणजे टॅझेटा. यात दांड्यावर घोसच येतो: जेरेनियम, अ‍ॅव्हलांच, ग्रँड सोलेल दॉर आणि तो प्रसिद्ध (किंवा कुप्रसिद्ध) पेपरव्हाइट. ९ म्हणजे पोएटिकस: पांढऱ्या पाकळ्या, मध्ये चपटी पिवळी टिकली, तिला लाल कडा. वास तिखटसर, लवंगेकडे झुकणारा. यात अ‍ॅक्टिया सगळ्यात सोपी. जुनी रिकर्व्हस तिच्याही नंतर फुलते.

गट ४ म्हणजे दुहेरी फुलांचे. यातले सगळे वासाचे नसतात. ज्यांचं मूळ टॅझेटात आहे त्यांना वास: चिअरफुलनेस, यलो चिअरफुलनेस, ब्रायडल क्राउन, एर्लिचिअर, सर विन्स्टन चर्चिल. ही शेवटची तर जेरेनियममध्येच आपोआप उपजलेल्या दुहेरी फुलातून निघालेली जात, त्यामुळे दोघींचा वास जुळतो.

तुतारीवाल्या गट १ मध्ये वास शोधत बसू नका.

नाकपुडी

शेवटच्या वाक्याला अर्धंच अनुमोदन. गट १ ठीक, पण लोक याच न्यायाने गट २, म्हणजे मोठ्या वाटीचे, तेही सरसकट बाद करतात. कार्ल्टनला व्हॅनिलाचा स्पष्ट वास आहे. फ्रेग्रंट रोझ नावाला जागते.

उलट थालिया (गट ५) सगळीकडे 'सुवासिक' म्हणून विकतात. वास आहे, पण हळुवार. एक दांडा खोलीत असला तर कळणारही नाही, दहा ठेवले तर कळेल. पांढऱ्याशुभ्र रूपासाठी लावा, वासाचे गुण त्यात धरू नका.

आणखी एक. गार हवेत वास दबतो. थंडगार सकाळी वाफ्यात वाकून कुठल्याही जातीला नापास करू नका. तोच दांडा १८-२० अंशांच्या खोलीत तासभर ठेवा आणि मग ठरवा. मावळायला आलेल्या फुलावरूनही परीक्षा नको. फूल पूर्ण उमलल्यावर पहिले एक-दोन दिवस वास भरात असतो.

पाचोळा

पेपरव्हाइटला कुप्रसिद्ध का म्हणालात? मला तर फार आवडतो.

नाकपुडी

इंडोलमुळे. हे संयुग मोगऱ्यातही असतं आणि थोडं असलं की वासाला खोली येते. पेपरव्हाइटमध्ये ते इतकं ठळक असतं की काहींना अत्तर वाटतं आणि काहींना डांबराच्या गोळ्या, किंवा त्याहून वाईट, गोठा. दोघांची नाकं शाबूत आहेत, भांडू नये. झिव्हा ही जात सगळ्यात उग्र, इनबल बरीच सौम्य. बंद खोलीत झिव्हाची एक कुंडीसुद्धा पाहुण्यांना बाहेर काढू शकते.

झारीतला_शुक्राचार्य

झिव्हाच्या तीन कुंड्या पाठवा. पाहुणे पुष्कळ आहेत.

अबोली_के

नावांचा घोळ एकदा मिटवा कुणीतरी. डॅफोडिल, नार्सिसस, जॉन्क्विल, नर्गिस: हे चार आहेत की एकच?

खुरपं

नार्सिसस हे प्रजातीचं शास्त्रीय नाव, डॅफोडिल हे तिचंच बोलीतलं नाव. म्हणजे सगळे डॅफोडिल नार्सिसस आणि सगळे नार्सिसस डॅफोडिल. जॉन्क्विल म्हणजे फक्त गट ७. पण काही ठिकाणी कुठल्याही पिवळ्या डॅफोडिलला जॉन्क्विल म्हणतात, त्यामुळे नुसत्या नावावर कंद मागवले तर फसगत होते. हा शब्द स्पॅनिश 'जुंको'वरून, म्हणजे लव्हाळ्यावरून आलाय, आणि खूणही तीच: पात चपटी पट्टीसारखी असेल तर अस्सल जॉन्क्विल नाही. फारसी-उर्दूतला नर्गिस म्हणजे बहुतेक वेळा टॅझेटा.

पाचोळा

अत्तरात कुठला वापरतात मग?

नाकपुडी

मुख्यतः पोएटिकस. फ्रान्समध्ये ओब्राकच्या पठारावर तो कुरणांत आपोआप उगवतो. मोठ्या दातांच्या फणीसारखं अवजार गवतातून ओढून फक्त फुलं खुडून घेतात आणि द्रावकाने त्यांचा अर्क काढतात. पण हे अवांतर झालं, ओलीमातीताई वाट बघताहेत.

कंदमूळ

लागवडीबद्दल लिहितो, लांबेल.

कंद निवडताना बोटाने दाबून बघा, कांद्यासारखा घट्ट लागला पाहिजे. बुडाची चकती कोरडी आणि टणक हवी. तिथे अंगठा रुतला तर तो कंद बाहेर. कंदाचं माप परिघाने सांगतात: मोठ्या जातींना १४ ते १६ सेंमी चांगलं. जॉन्क्विलाचे कंद मुळातच लहान असतात, १०-१२ सेंमी दिसला म्हणून नाक मुरडू नका. एका बुडातून दोन शेंडे निघालेला 'दुनाकी' कंद मिळाला तर घ्या, पहिल्याच वर्षी बहुधा दोन दांडे देतो.

वेळ महत्त्वाची. माती साधारण १३-१५ अंशांच्या खाली आली की मुळं जोमाने सुटतात. उबदार मातीत घाईने लावलेला कंद कुजण्याचा धोका जास्त. पण फार उशीरही नको. जमीन गोठण्याआधी मुळं धरायला पाच-सहा आठवडे मिळाले पाहिजेत. पोएटिकस शक्य तितके आधी लावा, त्यांना मुळांविना पडून राहणं मानवत नाही.

खोली: कंदाच्या उंचीच्या तिप्पट. ५ सेंमी उंच कंदाचं बूड १५ सेंमीवर. हलक्या रेताड मातीत थोडं खोल, चिकण मातीत थोडं वर. उथळ लावलेला कंद लवकर फुटून पिलं देत बसतो, आणि मग पात्याच पात्या, फूल नाही.

तुमच्या वाफ्याला पाच उभ्या ओळी बसतात: कडेपासून १० सेंमी सोडून, दोन ओळींत २० सेंमी. ओळीत १० सेंमीवर एक कंद, म्हणजे ओळीला ३० आणि एकूण १५०. शोभेच्या बागेपेक्षा हे दाट आहे, पण तोडणीसाठी असंच लावतात. याची किंमत अशी, की तीन-चार वर्षांनी उकरून वेगळे करावे लागतील.

माती किंचित आम्लधर्मी ते उदासीन, सामू ६ ते ७. निचरा सगळ्यात वर. ताजं शेणखत अजिबात नको, कुजण्याला आमंत्रण. लावताना खताची गरज नसते, पहिल्या वर्षाची शिदोरी कंदातच असते. शेंडे ३-४ सेंमी वर आले की कमी नत्र आणि जास्त पालाश असलेलं खत, चौरस मीटरला ३०-४० ग्रॅम. फुलं संपल्यावर सल्फेट ऑफ पोटॅश १५-२० ग्रॅम, म्हणजे तुमच्या अख्ख्या वाफ्याला साधारण ५० ग्रॅम. नत्र वाढवलं तर पात्या लुसलुशीत होतात, माना टाकतात आणि बुडाची कूज बळावते.

चारआण्याचीकुंडी

मस्त प्रतिसाद. कुंडीवाल्यांसाठी पुरवणी जोडते.

२० सेंमीच्या कुंडीत मोठ्या जातीचे पाच-सहा कंद, शेंडे मातीच्या वर जेमतेम दिसतील इतके. एकमेकांना आणि कुंडीच्या कडेला टेकू देऊ नका. नंतर १२ ते १४ आठवडे ४ ते ९ अंशांत, अंधारात, माती ओलसर ठेवून. तळाच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली आणि वर ५ सेंमी कोंब आला की आठवडाभर १०-१२ अंशांत उजेडात, मग १५-१६ अंशांत. थेट २२-२३ अंशांच्या खोलीत आणलं तर कळी आवरणातच वाळते. कागदासारखं कोरडं आवरण हाताला लागतं आणि आत काही नसतं. बहुतेकांची कुंडी फसते ती इथेच, दोष मात्र कंदाला.

फ्रिजमध्ये थंडी देणार असाल तर त्यातून फळं बाहेर. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने आतली तयार कळी खराब होऊ शकते.

सावलीतला

आमच्याकडे थंडी पडतच नाही असं म्हणणाऱ्यांनी काय करायचं?

चारआण्याचीकुंडी

टॅझेटा. पेपरव्हाइट आणि ग्रँड सोलेल दॉर यांना थंडी द्यावीच लागत नाही. पेपरव्हाइट लावल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलतो. अ‍ॅव्हलांच आणि एर्लिचिअर सौम्य हिवाळ्यातही चालतात. जॉन्क्विला मधल्या. पोएटिकसचा नाद सोडा, त्याला लांबलचक थंडी लागतेच. वर लिहिलंय तसं फ्रिजमधून काढून एक वर्ष फुलवता येईल, पण तो कंद पुढे टिकेल ही आशा नको.

टॅझेटाची दुसरी अट लोक विसरतात: विश्रांतीच्या काळात माती कोरडी आणि गरम हवी. सुप्त कंदावर रोज पाणी पडत असेल तर एकतर कुजतो, नाहीतर पात्यांचा झुपका होऊन बसतो.

सावलीतला

धन्यवाद. पेपरव्हाइट घरात फार उंच होऊन आडवे पडतात, तेवढं सांगा.

चारआण्याचीकुंडी

त्यांना दारू पाजा. चेष्टा नाही, कॉर्नेल विद्यापीठात तपासून बघितलेली युक्ती आहे. खड्यांवर आणि पाण्यावर कंद ठेवा, मुळं सुटून कोंब ३ ते ५ सेंमी झाला की पाणी ओता आणि त्याजागी ४ ते ६ टक्के अल्कोहोलचं पाणी भरा. ४० टक्के तीव्रतेची दारू असेल तर एक भाग दारूला सात भाग पाणी, म्हणजे बरोबर ५ टक्के. कंदाला पाणी ओढून घेणं थोडं जड जातं, त्यामुळे दांडा एक तृतीयांश ते निम्म्याने आखूड राहतो. फुलं मात्र तेवढीच आणि तेवढीच मोठी. बिअर आणि वाइन चालत नाहीत, त्यातल्या साखरेने सगळं बिघडतं. १० टक्क्यांच्या पुढे गेलात तर कंदाला बाधते.

झारीतला_शुक्राचार्य

कंदापुरतंच माप दिलंत, माळ्याचं काय?

पाचोळा

कंदमूळ किंवा कुंडीताई, एक शंका. इथिलीन वाईट म्हणता, पण इंग्लंडच्या सिली बेटांवर तर कंदांना मुद्दाम धूर देतात असं वाचलंय. धुरात इथिलीनच असतं ना?

कंदमूळ

दोन्ही खरं, फरक वेळेचा. सिलीमध्ये सोलेल दॉरच्या पात्या वाळून गेल्यावर, कंद सुप्त असताना, आधी शेतावर पेंढा जाळत. पुढे प्लास्टिकखाली धूर सोडायला लागले. त्यावेळी कंदात कळी धरलेली नसते. धुरातलं इथिलीन तिथे कळी धरायचा इशारा ठरतं, म्हणून फुलं लवकर आणि जास्त येतात. कळी आत तयार झाल्यावर तेच इथिलीन नुकसान करतं. आणि हे टॅझेटापुरतं. जेरेनियमच्या कुंडीला उदबत्ती ओवाळू नका.

दवबिंदू७

मूळ धाग्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे येते.

दांडा तोडल्याने कंदाचं काही बिघडत नाही. कंदाचं पोट भरतं पात्यांवर, त्यामुळे सगळे दांडे खुशाल तोडा, पण एकही पात बरोबर येऊ देऊ नका. उलट बी धरू न दिल्याने कंदाची शक्ती वाचते.

कात्रीऐवजी हात वापरा. बोटं दांड्यावरून खाली घसरवत अगदी बुडाशी न्या, वाकवा, थोडा पीळ देऊन ओढा, कट्कन तुटतो. यात दांडा लांब मिळतो आणि कात्रीच्या पात्यावरून एका झाडाचा विषाणू दुसऱ्याला जात नाही.

कोणत्या टप्प्यावर तोडायचं हे जातीगणिक बदलतं. एकेरी फुलाची कळी आधी पेन्सिलसारखी सरळ वर असते, मग मान वाकवून दांड्याशी काटकोन करते, तेव्हा हंसाच्या मानेसारखी दिसते. रंग भरलेला पण पाकळ्या मिटलेल्या, हा घरच्या गुच्छासाठी योग्य क्षण. पेन्सिल अवस्थेत तोडलेलं फूल प्रवासाला सोयीचं, पण उमलल्यावर लहान राहतं. टॅझेटा आणि जॉन्क्विलाच्या घोसातलं एखाद-दुसरं फूल उमललेलं हवं. चिअरफुलनेस, ब्रायडल क्राउन यांसारखे दुहेरी घट्ट कळीत तोडलेत तर तसेच राहतील. त्यांना जवळजवळ उमलू द्यावं.

आता माना टाकण्याचं. दांडा तुटल्याबरोबर टोकाला पारदर्शक थेंब जमतो, बोट लावून वर उचललं तर पाकासारखी तार धरतो. सगळा घोटाळा या चिकाचा. त्यातल्या साखरेवर पाण्यात जिवाणू माजतात आणि गुलाबाच्या दांड्यातल्या नळ्या बुजतात. ट्यूलिपचं कारण वेगळं: चिकातल्या अल्कलॉइडने पानं पिवळी पडतात. म्हणून डॅफोडिल आधी वेगळ्या बादलीत, गार पाण्यात, १२ ते २४ तास. मग पाणी फेका, दांडे धुवा आणि पुन्हा न कापता गुच्छात लावा. कापलात की चीक पुन्हा सुरू. तेवढा वेळ नसेल तर मिश्र फुलदाणीत लिटरभर पाण्याला साध्या ब्लीचचे ५-७ थेंब. आयरिस मात्र अपवाद: तिला हा चीक सोसतो, इतकंच नाही तर फुलं जरा जास्तच टिकतात.

फुलदाणीत पाणी ७-८ सेंमीच ठेवा. दांडे पोकळ आणि मऊ असतात, खोल पाण्यात बूड चिरतं, बाहेर कुरळं वळतं आणि लिबलिबीत होतं. पाणी रोज बदलायचं. गार खोलीत पाच-सहा दिवस धरा, हीटरजवळ दोन-तीन.

अबोली_के

वाचनखूण साठवली. तोडलेली फुलं एखाद्या कार्यक्रमापर्यंत थोपवून धरता येतात का?

दवबिंदू७

येतात. हंसमान अवस्थेतले एकेरी दांडे पाण्याशिवाय, सैल कागदात गुंडाळून १-२ अंशांत आठवडाभर राहतात. उभेच ठेवा, आडवे ठेवले तर टोकं वर वळतात आणि तो बाक पुढे जात नाही. घोसवाल्या आणि दुहेरींवर हा प्रयोग नको, त्या उमलायला कुरकुरतात.

आणि हातमोजे घालाच. चिकात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. पाच-दहा दांड्यांनी काही होत नाही, शंभर तोडल्यावर बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठतात. रोज तोडणी करणाऱ्यांना हा त्रास ठरलेला.

सावलीतला

कंद विषारी असतात हेही लिहा कुणीतरी.

खुरपं

असतात. लायकोरीन. कांदा समजून कापला तर उलट्या, त्यामुळे स्वयंपाकघरात कंद ठेवू नयेत. त्याच विषामुळे ट्यूलिपचा फडशा पाडणारे उंदीर आणि खारी सहसा डॅफोडिलला तोंड लावत नाहीत. याच कुळात गॅलँटामीन मिळतं, अल्झायमरवरच्या औषधातलं. ते काढण्यासाठी वेल्समध्ये डॅफोडिल लावतात. तात्पर्य, कंद औषधी आहे असं कुणी म्हणालं तरी चघळू नका.

पाचोळा

दोन-तीन वर्षं छान फुलून मग नुसत्या पात्या येतात, त्याला काय म्हणायचं? कंद म्हातारा होतो का?

कंदमूळ

म्हातारा होत नाही, उपाशी राहतो. कारणं बहुधा हीच: गर्दी झाली, उथळ लावला, वर सावली आली किंवा पात्या लवकर कापल्या. फुलं गेल्यावर किमान सहा आठवडे पात्यांना हात लावायचा नाही. त्यांची वेणी घालणं, गाठ मारणं, रबरबँड लावणं हे दिसायला नीटनेटकं, पण निम्मी पात उन्हाआड जाते.

पाचवं कारण सहज लक्षात येत नाही: पाणी. पुढच्या वर्षीची कळी कंदात धरायला लागते ती यंदाचं फूल गेल्यानंतर, वसंत संपता संपता. नेमकं तेव्हा आपण 'झाला यांचा मोसम' म्हणून पाणी तोडतो. पात्या हिरव्या आहेत तोवर आठवड्याला अडीच सेंमी पाऊस पडल्याइतकं पाणी, आणि पिवळ्या पडल्या की बंद.

गर्दी झाली असेल तर पात्या वाळल्यावर उकरा, पिलं हाताने सहज सुटतील तेवढीच वेगळी करा. ओढून तोडलेल्या पिलाच्या बुडाला जखम होते आणि बुरशी तिथूनच शिरते.

नाकपुडी

दुहेरी पोएटिकस (अल्बस प्लेनस ओडोरॅटस) तर याबाबतीत फारच नाठाळ. वास अप्रतिम, पण वसंताच्या शेवटी कोरड पडली की कळ्या तपकिरी होऊन आवरणातच मरतात. मातीत सतत ओल असेल तरच वाट्याला जा.

सावलीतला

रोगांचं राहिलं.

कंदमूळ

तीन शत्रू, आणि कंद कापला की तिघे ओळखू येतात.

बुडापासून वर चढत गेलेली लालसर तपकिरी कूज म्हणजे फ्युजेरियम ही बुरशी. गरम मातीत वाढते. जुनी गोल्डन हार्वेस्ट पटकन बळी पडते. टॅझेटा आणि जॉन्क्विला तुलनेने तग धरतात, वासवाल्यांचा हा एक जास्तीचा फायदा. साठवायचे कंद जाळीच्या पिशवीत, हवेशीर जागी, १७-१८ अंशांत.

आत पोकळ, काळपट चोथा आणि त्यात एकच जाडजूड मळकट पांढरी अळी: नार्सिसस माशी. दिसते लहान भुंग्यासारखी, उन्हात गुणगुणत फिरते. पात्या लोळायला लागल्या की मानेजवळ मातीत भोक पडतं, तिथे अंडं घालते. म्हणून पात्या वाळताना माती वरवर हलवून ती भोकं बुजवायची, किंवा त्या काही आठवड्यांपुरती बारीक जाळी टाकायची.

आडव्या कापलेल्या कंदात तपकिरी वर्तुळं आणि पात्यांवर फिकट पिवळे, हाताला फुगीर लागणारे फोड: सूत्रकृमी. व्यावसायिक लोक सुप्त कंद ४४.४ अंशांच्या पाण्यात तीन तास ठेवतात. हा उपाय पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या विस्लीच्या बागेत रॅम्सबॉटम यांनी शोधला, त्याआधी फुलशेती पार बसायला आली होती. घरी हे करू नये. अर्धा अंश कमी पडला तर कृमी जगतात, दोन-तीन अंश जास्त झाला तर कंद मरतो. उकरून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. आणि त्या जागी काही वर्षं डॅफोडिल नको.

पात्यांवर पिवळे पट्टे दिसले तर विषाणू. उपाय नाही, उपटा.

ओलीमाती

सगळ्यांचे मनापासून आभार! वाचून ही आखणी केली आहे. समोरून मागे ओळी अशा: १. स्वीटनेस, २. ब्रायडल क्राउन, ३. जेरेनियम, ४. चिअरफुलनेस, ५. पेपरव्हाइट. कडेला बेबी मून. प्रत्येकी ३० कंद. चुकतंय का काही?

खुरपं

पेपरव्हाइट काढा. जमीन गोठते म्हणालात, तिथे तो तग धरणार नाही. कुंडीत, घरात ठेवा. त्याजागी अ‍ॅक्टिया घेतलीत तर मोसम शेवटाकडे लांबतो. बेबी मूनचा वास सुरेख, पण उंची २० सेंमीच्या आसपास, गुच्छाला आखूड. लहान पेल्यात ठेवायची असेल तर राहू द्या.

दवबिंदू७

आणि क्रम उलटा करा. लवकर फुलणाऱ्यांच्या पात्या आधी लोळतात. त्या समोर असल्या तर उशिराच्या कळ्यांवर पडतात आणि तोडताना पायात येतात. मागे स्वीटनेस, मग ब्रायडल क्राउन, जेरेनियम, चिअरफुलनेस, सगळ्यात पुढे अ‍ॅक्टिया. चिअरफुलनेसच्या ओळीत जास्तीचं कंपोस्ट, कारण उशिराच्या दुहेरी कळ्या कोरड पडली की वाळतात.

हिशोब सांगायचा तर १५० कंदांतून पहिल्या वर्षी १८०-२०० दांडे धरा. दहाचा एक गुच्छ, म्हणजे सहा आठवड्यांत आठवड्याला तीन. पहिल्या वर्षीची कळी कंदात आधीच असते, त्यामुळे शाबासकी किंवा दोष दुसऱ्या वर्षी द्या.

ओलीमाती

केला बदल. मागवते.

कंदमूळ

प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना काडी रोवा, नावासकट. पात्या गेल्या की वाफा मोकळा दिसतो, काहीतरी लावायला माणूस बसतो आणि खुरपं नेमकं कंदात जातं.

खुरपं

माझं नाव उगाच गोवू नका.